ज्याची पोळी, त्याची टाळी

आंबिवली स्थानकावर आम्ही जे दैनिक विकत घेतो, त्याच्या किमतीत छपाईचाही खर्च निघत नाही. उरलेला जाहिरातदार भरतो. ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी, हे मग ओघानेच आले. म्हणूनच गांधीजींनी १९३३ साली पुण्यात सुरू केलेल्या ‘हरिजना’त जाहिरातींस थारा दिला नाही. परंतु वर्गणीदार तरी निर्दोष धनी आहे काय? १९२० साली ‘मूकनायका’ची जाहिरात, पैसे देऊ केले असताही, ‘केसरी’ने नाकारली. तेथे आड आला तो लोभ खचित नव्हे, पूर्वग्रह होय; आणि पूर्वग्रह वर्गणीदारासही असतात. तेव्हा वाचकाने पुरे मोल द्यावे, हे खरेच. मात्र ते स्वमताच्या स्तुतीसाठी नव्हे, अप्रिय सत्यासाठी द्यावे, असे आम्हांस वाटते.