पूर्वपक्ष

खरे बोलावे, हे आपण मुलांना लहानपणापासून शिकवतो. पण आपण जे खरे म्हणून बोलतो ते खरे कशावरून, हे विचारायला मात्र शिकवत नाही. एखाद्याने विचारलेच तर त्याला आगाऊ म्हणतो. ज्याचे कारण आपल्याला देता येत नाही असे सत्य ठासून सांगणे, हा प्रामाणिकपणा म्हणावा काय? या प्रश्नाने मला एकदा भर वर्गात गाठले.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. शाळेत मराठी शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. विज्ञानाचे मास्तर रजेवर गेले म्हणून दहावीचा रसायनाचा तास माझ्याकडे आला. मिथेनचा रेणू मी फळ्यावर काढला : मधोमध कार्बन आणि चार बाजूंना चार हायड्रोजन, बेरजेच्या चिन्हासारखे. मग म्हणालो, "हा असा सपाट नसतो बरे का! हायड्रोजन चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांवर असतात."

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, चित्र तर सपाट आहे. मग रेणू सपाट नाही हे कशावरून?"

"चित्रातला आंबा तरी कुठे गोल असतो ग?" मी म्हणालो. वर्ग हसला. ती खाली बसली.

रात्री जेवण गोड लागेना. मी तिला उत्तर दिले नव्हते, तिचे हसे केले होते; कारण उत्तर माझ्यापाशी नव्हतेच.

पुस्तके धुंडाळली तेव्हा कळले की, ही थट्टा जुनीच आहे. १८७४ साली हॉलंडमधल्या बावीस वर्षांच्या व्हांट हॉफने कार्बनचे हे चार कोपरे मांडले. त्याच वर्षी फ्रान्समध्ये ल बेलही स्वतंत्रपणे तशाच विचाराला पोचला. लाइपझिगचा नामांकित रसायनशास्त्रज्ञ कोल्बे याने १८७७ साली व्हांट हॉफची छापील टवाळी केली. गुरांच्या वैद्यकशाळेतला हा गृहस्थ तिथल्याच पंखांच्या घोड्यावर बसून निघाला आहे, अशा अर्थाची. कोल्बे चुकला, पण चुकतो कोण नाही? त्याचा खरा दोष हा की, कारणाच्या जागी त्याने हसू वापरले. मी तर खऱ्या बाजूला होतो; आणि तरीही त्या दिवशी मी कोल्बेच होतो.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी ते कबूल केले. भिजवलेले वाटाणे आणि हिराच्या काड्या घेऊन मुलांनी रेणू केले. मग दोन हायड्रोजनच्या जागी क्लोरीन म्हणून दोन हरभरे लावले. सपाट रेणूत ते शेजारी बसतात किंवा समोरासमोर. म्हणजे पदार्थ दोन व्हायला हवेत. चतुष्फलकात कुठलेही दोन कोपरे शेजारचेच, म्हणून पदार्थ एक. जगात सापडतो तो एकच.

"आता निबंध लिहा," मी म्हणालो. "आधी पूर्वपक्ष. रेणू सपाट आहे, असे मानणाऱ्याची बाजू त्याला स्वतःला पटेल इतकी नीट मांडा. मग पुरावा आणि त्यावरून सिद्धान्त."

त्या मुलीने पूर्वपक्षात लिहिले : "दुसरा पदार्थ असेल, पण अजून सापडला नसेल. न सापडणे म्हणजे नसणे नव्हे."

मला आणखी एक रात्र बसावे लागले. कार्बनला चार वेगवेगळी टोके असतील तर सपाट रेणू आणि त्याचे आरशातले रूप एकच. उलटा केला की झाले. चतुष्फलकाचे तसे नाही. ती दोन रूपे डाव्या-उजव्या हातासारखी, एकावर एक बसत नाहीत. अशा जोड्या खरोखरच सापडतात. लॅक्टिक आम्लाची दोन रूपे ध्रुवित प्रकाशाला विरुद्ध दिशांना वळवतात. हे ऐकून तिने वहीत खाली लिहिले, "आता पटले."

सगळेच काही आपल्याला तपासून घेता येत नाही. बरेचसे ज्ञान विश्वासावरच घ्यावे लागते, त्यात पाप नाही. पाप आहे ते विचारणाऱ्याला हसण्यात.

एका हुशार मुलाने एकच ओळ लिहिली होती : "रेणू चतुष्फलकी असतो, कारण पुस्तकात तसे दिले आहे." उत्तर बरोबर होते. गुण मी त्या मुलीला अधिक दिले. पण त्याला रागावलो नाही. चार दिवसांपूर्वी माझेही कारण तेच होते.