अकरा माशांचा वारस

जॉन स्नोबद्दल माझी एक जुनी तक्रार आहे. (मालिका २०१९ मध्ये संपली, त्यामुळे स्पॉयलरची माफी मागत नाही.) 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या जगात उत्तरेकडे अनौरस मुलाला बापाचं नाव मिळत नाही, 'स्नो' हे आडनाव मिळतं. जेवणाच्या पंगतीतही त्याची जागा वेगळी. आपण त्याच्यावर जीव लावतो तो यासाठीच. आणि मग एका धर्मगुरूच्या जुन्या रोजनिशीत एक नोंद सापडते : राजपुत्राचं पहिलं लग्न रद्द झालं होतं, दुसरं गुपचूप लागलं होतं. झालं! जॉन अनौरस नव्हताच, तोच खरा वारस.

आपण शिट्ट्या मारल्या. पण कथेने नेमकं काय केलं? अनौरस मुलाला हक्क आहे, असं ती म्हणालीच नाही. तिने फक्त सांगितलं की शिक्का चुकीच्या पोरावर बसला होता. ती नोंद सापडली नसती तर? तोच जॉन, तीच तलवार, तोच स्वभाव. मग त्याला काय मिळायला हवं होतं?

आपणही कर्णाच्या बाबतीत हेच करतो. तो कुंतीचा थोरला, म्हणून डोळ्यात पाणी. विदुरासाठी एवढं कोणी हळहळत नाही, कारण त्याच्या जन्मात उघड व्हायला काही रहस्यच नाही. धृतराष्ट्र, पांडू आणि विदुर तिघेही व्यासांपासून झालेले. दोघांच्या आया राण्या, तिसऱ्याची दासी, एवढाच फरक. रक्तच बघायचं तर पांडव तरी कुठे पांडूचे? घराने ज्यांना आपलं म्हटलं ते वारस, बाकीचे शहाणे सल्लागार.

'हाउस ऑफ द ड्रॅगन'मध्ये हे जास्त उघडं दिसतं. रेनिराच्या मुलांचे केस काळेभोर, तिच्या नवऱ्याचे चंदेरी. दरबारात सगळ्यांना कळतं, पण राजा मानायला तयार नाही. व्हेमंड भर दरबारात तो शब्द उच्चारतो आणि डेमन त्याचं डोकं उडवतो. गुन्हा माहीत असण्यात नव्हता, बोलण्यात होता.

धाडसारख्या गावात हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. इथलं सिंहासन म्हणजे चार-पाच एकर कोरडवाहू, सोयाबीन नाहीतर कापूस. कोण कोणाचं, हे पारावर सगळ्यांना ठाऊक असतं आणि सातबाऱ्यावर नसतं. आपल्या भाषेत अशा मुलासाठी शब्दही सोनाराच्या दुकानातून आला आहे. तोळा बारा माशांचा, एक मासा कमी भरला तर अक्करमाशी. शरणकुमार लिंबाळे यांनी १९८४ साली हाच शब्द आपल्या आत्मकथनाला नाव म्हणून दिला. बाप पाटील, आई दलित. वजन कमी कोणाचं भरलं आणि काटा कोणाच्या हातात होता, हे ज्याला विचारायचं असेल त्याने ते पुस्तक वाचावं.

इतिहासातलं मोठं उदाहरण समशेर बहादूरचं. बाजीराव आणि मस्तानीचा मुलगा. १७४० मध्ये आईबाप पाठोपाठ गेले आणि पोर पेशव्यांच्या घरातच वाढलं. ब्राह्मण म्हणून त्याला कोणी स्वीकारलं नाही, त्यामुळे पेशवाईच्या वारसांत त्याचा विचारच नव्हता. पण १७६१ मध्ये पानिपतावर मात्र तो चालला. नानासाहेबांचा मुलगा विश्वासराव तिथे पडला आणि नानासाहेबांचा हा सावत्र भाऊ जबर जखमी होऊन काही दिवसांत गेला. गादीसाठी तो घरचा नव्हता, लढाईसाठी होता. पुढे त्याच्या मुलाने, अली बहादूरने, बुंदेलखंडात जम बसवला आणि बांद्याचे नवाब हे त्याच घराण्यातले.

गंमत अशी की जुनं धर्मशास्त्र या बाबतीत खालच्या पायरीवर जास्त उदार होतं. मिताक्षरेप्रमाणे शूद्राच्या दासीपुत्राला बापाच्या मालमत्तेत वाटा होता, बाप गेल्यावर भावांच्या निम्मा. वरच्या तीन वर्णांत फक्त पोटापुरतं. जिथे वाटायला जास्त, तिथे दार घट्ट.

आजचा कायदा? हिंदू विवाह कायद्याचं कलम १६ सांगतं की बेकायदा लग्नातून, म्हणजे समजा पहिली बायको असताना केलेल्या दुसऱ्या लग्नातून झालेलं मूल औरसच. हक्क मात्र आईबापांच्याच मालमत्तेत, बाकी नातेवाइकांच्या नाही. १ सप्टेंबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत बापाच्या वाट्याला जे आलं असतं, त्यातही या मुलाचा हिस्सा आहे. मला हे न्याय्य वाटतं. पहिल्या बायकोचा संताप मी हलका समजत नाही. वीस वर्षं त्या रानात तिने आणि तिच्या पोरांनी निंदण-खुरपण केलेलं असतं आणि दिवस झाल्यावर एक अनोळखी तरुण दारात उभा राहतो. पण तिला फसवलं ते नवऱ्याने. त्याची वसुली त्या तरुणाकडून कशी करायची?

खटकतं ते पुढचं. या कलमासाठी लग्न लागलेलं असावं लागतं, बेकायदा का होईना. ज्या बाईच्या गळ्यात कधी मंगळसूत्रच पडलं नाही, तिच्या मुलाला वारसा फक्त आईकडून, आणि आईकडे बहुधा मजुरी सोडून काही नसतं. म्हणजे खोटं लग्न लावणाऱ्याचं पोर औरस, आणि तेवढीही तसदी न घेणाऱ्याची जमीन मात्र सुरक्षित. बाप जितका बेपर्वा, तितकं पोर रिकाम्या हाताचं.

माणूस गेला की वारस नोंदीचा अर्ज होतो. गाव नमुना सहा-क मध्ये वारसांची नोंद, मग फेरफार, नोटीस, हरकतीसाठी पंधरा दिवस. त्या मुलाला हरकत घेता येते, कोणी अडवत नाही. फक्त मयताशी आपलं नातं काय, हे त्याला आधी लिहावं लागतं, आणि बाप गेल्यावर ते सिद्ध करायला त्याच्याकडे असतात ते आईचे शब्द आणि आरशातला चेहरा. पारावरच्या ज्यांना सगळं ठाऊक होतं, त्यातलं कोणी साक्षीला येईल का, हे मला अजून पाहायचं आहे.