पुसला न जाणारा घाम

भिवंडीत मागांचा खडखडाट रात्रभर चालतो. पहाटे त्यात बिशीतल्या तव्यांचा आवाज मिसळतो. बिशी म्हणजे यंत्रमाग कामगारांची खानावळ. तिथे पोळ्या भाजणारी बाई उजाडायच्या आतच घामाने निथळते. तो घाम पदराने पुसला जातो. पण एखादीच्या डोळ्यांखाली, गालांवर टाचणीच्या डोक्याएवढे निळसर थेंब तसेच राहतात.

घर्मग्रंथीची नळी फुगून घाम कातडीतच साठतो, तेव्हा असे थेंब दिसतात. डॉक्टर त्यांना हायड्रोसिस्टोमा म्हणतात. उन्हाळ्यात ते टपोरे होतात, थंडीत ओसरतात. १८९३ मध्ये अमेरिकेतल्या रॉबिन्सन या डॉक्टरांनी त्यांचं वर्णन केलं, तेही उष्ण, दमट जागी राबणाऱ्या बायकांचे चेहरे पाहूनच. सव्वाशेहून अधिक वर्षं झाली. चुलीपुढे अजून बाईच उभी आहे, हे मला फार लागतं.

याच घराण्यातला दुसरा प्रकार सिरिंगोमा. नाव ग्रीक भाषेतल्या पाव्यावरून आलेलं, कारण घामाची नळीही तशीच पोकळ. कातडीच्याच रंगाच्या या बारीक, टणक पुटकुळ्या बहुधा खालच्या पापण्यांवर येतात, त्याही बायकांना जास्त. ऋतू बदलला तरी त्या हलत नाहीत.

‘गाठ’ म्हटलं की पोटात गोळा येतो. या गाठी कर्करोगाच्या नाहीत आणि एकाच्या दुसऱ्याला लागतही नाहीत. खरी भीती आपल्या घरगुती उपायांची आहे. चामखीळ समजून कुणी चुना लावतं, आणि तोही डोळ्याच्या इतक्या जवळ! असं कधीही करू नये. गाठ झपाट्याने वाढली, चिघळली किंवा तिच्यातून रक्त आलं, तर मात्र त्वचेच्या डॉक्टरांकडे जावं. ते तुकडा काढून तपासतात.

आपल्या तालुक्यात वज्रेश्वरीची गरम कुंडं आहेत. त्वचेच्या तक्रारी घेऊन लोक श्रद्धेने तिथे न्हायला जातात. अंग हलकं होतं, हे खरंच. पण हे थेंब उष्णतेनेच फुगतात, त्यांना थंडावा हवा. डॉक्टरांनी सुईने टोचून ते रिकामे केले, तरी तीच धग लागत राहिली तर पुन्हा भरतात. म्हणून बिशीच्या मालकांना माझं कळकळीचं सांगणं आहे: चुलीवरच्या भिंतीत वाफ बाहेर ओढणारा पंखा बसवा, आणि पोळ्यांची एक परात भरली की भाजणाऱ्या बाईला थोडा वेळ दारातल्या वाऱ्यात बसू द्या.