तीर्थाला मळ कोणाचा?

सज्जनहो, लोणारास दैत्यसूदनाचे दर्शन घेतले, धारेचे पाणी अंगावर घेतले, की पाप गेले असे आपण समजतो. पण अंगाचा साबण कोठे गेला? खाली सरोवरात! आम्हीही तसेच न्हालो, हे लपवीत नाही. उल्केच्या आघाताने झालेल्या विवरातले हे खारे पाणी. त्यातले सूक्ष्म शेवाळ त्या खारेपणावरच जगते. सांडपाणी मिसळले की त्याचे जिणे संपते. तेच सांडपाणी विहिरीत मुरले तर लेकरांना जुलाब, कावीळ. २०२० साली जगाने हे स्थळ रामसर यादीत घेतले. घरच्यांनी मात्र मोरी केली! लवणासुर विष्णूने मारिला. आपला आळसासुर आपणच मारावा. तीर्थी जाताना साबण घरी ठेवा, गावचे सांडपाणी अडवा. हीच पूजा पांडुरंगास पावेल. रामकृष्णहरि!