अनेसिमाचा जामीन



जयपूरच्या आदर्श नगराच्या दक्षिणेस, सांगानेर येथे, १९६३ पासून खुला तुरुंग आहे. तेथे बंदिवान कुटुंबासह राहतात, दिवसा कामास जातात व सायंकाळी हजेरीस परततात. अनेक तुरुंगांत इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रेही आहेत. परंतु सुटकेनंतर महाविद्यालयाच्या दारी एकटाच उभा असलेला मनुष्य पदवीपर्यंत कसा पोहोचावा?

अनेसिम या ग्रीक नावाचा अर्थ 'उपयोगी'. स्वतः बंधनात असता पौलाने फिलेमोनाकडे त्याची केवळ शिफारस केली नाही. त्याचे देणेही स्वतःवर घेतले. मग आपल्या मंडळीने शिफारसपत्रावरच थांबावे काय? तिने त्याची फी भरावी आणि शेवटच्या परीक्षेपर्यंत त्याची साथ सोडू नये. ज्यांचे ऋण ख्रिस्ताने फेडले, त्यांनी दुसऱ्याचा जामीन होण्यास कचरू नये.