वाचील तो विजयी

सोलापूरहून दक्षिणेला चाळीसेक किलोमीटर गेले की सीना नदी भीमेला मिळते. त्या संगमावर हत्तरसंग कुडल हे गाव आहे. पलीकडचा तीर कर्नाटकाचा, अलीकडचा आपला. गावात मराठी बोलतात आणि कन्नडही बोलतात; एकाच वाक्यात दोन्ही आल्या तरी कोणाला त्याचे काही वाटत नाही. मुळात ‘कुडल’ हा शब्दच कन्नड आहे आणि त्याचा अर्थ आहे संगम. म्हणजे ‘कुडल संगम’ असे म्हणताना आपण एकच गोष्ट दोन भाषांत सांगत असतो.

या गावी मी शाळेच्या मुलांना घेऊन गेलो होतो. पाहण्यासारखे तिथे पुष्कळ आहे. चालुक्यांच्या काळातली दोन देवळे आहेत, एक संगमेश्वराचे आणि दुसरे हरिहरेश्वराचे. हरिहरेश्वराचे देऊळ कधीकाळी कोसळले आणि मातीच्या ढिगाखाली गेले. 1999 साली तो ढिगारा उपसताना एक अजब शिवलिंग सापडले. उंची सुमारे साडेसहा फूट, वजन साडेचार टनांच्या घरात, आणि त्याच्या अंगावर ओळीने कोरलेले 359 मुखवटे! मुळचे लिंग धरून 360 होतात. मुलांनी ते मोजायला सुरुवात केली. शंभराच्या आसपास प्रत्येकाची मोजणी चुकली आणि मग भांडणे लागली.

पण मी त्यांना नेले होते ते दुसऱ्याच एका गोष्टीसाठी. संगमेश्वराच्या देवळात एका तुळईवर काही ओळी कोरलेल्या आहेत. शके 940, म्हणजे इसवी सन 1018 चा हा लेख. सोलापूरचे शिलालेख-संशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. त्यातले अखेरचे वाक्य मराठी आहे, आणि त्याचा आशय असा, की जो हे वाचील तो विजयी होईल.

हे मी मुलांना समजावून सांगितले. सगळ्यांनी माना उंचावून अक्षरे पाहिली. मग सहावीतला एक पोरगा म्हणाला, “गुरुजी, आमी तर वाचलाव की. मग जिकलाव कुणाला?”

मुले हसली. मीही हसलो. शिक्षकाला उत्तर सुचले नाही म्हणजे तो आधी हसून घेतो. पण परतीच्या वाटेवर मुले शेंगाची चटणी आणि भाकरी खाऊन पेंगू लागली, तरी तो प्रश्न माझ्या मनातून जाईना. खरेच, हे वाचून कोणाला जिंकायचे?

पहिले उत्तर सोपे आहे, आणि आपण सगळे तेच देतो. मराठीतला सर्वांत जुना लेख कोणता, श्रवणबेळगोळचा, अक्षीचा, की कुडलचा, असा एक वाद आहे. आम्हा सोलापूरकरांचा कौल कुणीकडे असणार हे सांगायला नको! 2024 साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा तर या दगडाची आठवण काढून आम्ही छाती चांगलीच फुगवली. पण माझ्या मनाला मी विचारतो, की बाबा रे, तो लेख तू वाचलास, की नुसताच फडकावलास? शर्यतीत पहिला क्रमांक काढायला दगडावरचे साल पुरते. त्यासाठी अक्षर ओळखावे लागत नाही.

अक्षर ओळखू लागलो की मात्र वेगळेच काही कळू लागते. मराठीचे हे एवढे जुने वाक्य कन्नड नावाच्या गावात उभे आहे. ते कोरले गेले तेव्हा या मुलखावर कल्याणीच्या चालुक्यांचा अंमल होता. आणि श्रवणबेळगोळचा सुप्रसिद्ध मराठी लेख, तो तर थेट कर्नाटकातच आहे. आपल्या भाषेचे बालपण शेजारणीच्या अंगणात खेळण्यात गेले, असेच हे दगड सांगतात. सीमेच्या या बाजूला राहून ज्याने आयुष्यभर ‘आमचे’ आणि ‘त्यांचे’ ऐकले, त्याला हे वाचणे जरा जडच जाते. त्याच्या हातातले एक भांडण निसटते. पण असे भांडण निसटणे हाच कदाचित तो विजय असेल.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. जुन्या काळच्या कित्येक दानलेखांच्या शेवटी शाप असतो. हे दान जो मोडील त्याचे वाटोळे होवो, अशा अर्थाचा. गद्धेगाळीवर तर तो चित्र कोरून अगदी बीभत्सपणे दाखवलेला असतो. कुडलच्या लेखाने शेवटी धाक घातलेला नाही. वाचणाऱ्याचे भले चिंतिले आहे. हजार वर्षांनंतर येणाऱ्या अनोळखी माणसावर इतका विश्वास टाकणे ही लहान गोष्ट नव्हे.

इथवर आलो आणि मला माझा शिक्षकी अहंकार जाणवला. वाचणारा तेवढा शहाणा, न वाचणारे अडाणी, असे मी नकळत धरून चाललो होतो. देवळात एक म्हातारी दिव्यात तेल घालत होती. मी तिला विचारले, “आजी, वर काय लिहिलंय ठाऊक आहे का?” ती म्हणाली, “मला वाचता येत न्हाई, मास्तर. सासू हितं दिवा लावायची, म्हणून मी लावते.” आणि ती आपल्या कामाला लागली.

संगमेश्वराचे देऊळ आज उभे आहे ते कोणामुळे? जवळचे हरिहरेश्वर मातीखाली गेले, आणि हे मात्र पूजेत राहिले. पिढ्यान्‌पिढ्या लोक तिथे आले, झाडलोट केली, दिवा लावला. त्यांतल्या बहुतेकांना ती अक्षरे वाचता आली नसतील; पण त्यांचा राबता नसता तर कुंभारांना वाचायला काय उरले असते, कोण जाणे. उलट, श्रद्धेनेही दगडाचे नुकसान होते हे खरेच. आपल्या गावोगावच्या वेशीवर वीरगळ आहेत. गावासाठी पडलेल्या माणसाची ती खूण. पण शेंदराचे थर चढता चढता तिचा म्हसोबा होतो, आणि तो माणूस दुसऱ्यांदा मरतो.

तेव्हा जपणे वेगळे आणि वाचणे वेगळे. स्कॉटलंडात अ‍ॅबरलेम्नो नावाचे एक खेडे आहे. तिथे रस्त्याच्या कडेला पिक्ट नावाच्या प्राचीन लोकांनी कोरलेले दगड उभे आहेत. त्यांवरच्या चिन्हांचा अर्थ पंडितांना अजून उलगडलेला नाही. तरी दर हिवाळ्यात हिमाने दगड फुटू नयेत म्हणून त्यांच्याभोवती लाकडी पेट्या बसवतात. ज्याचा अर्थ कळला नाही, त्याला थंडी वाजू नये म्हणून झटणारी माणसे तिकडे आहेत. आणि कळो न कळो, दिवा चुकू न देणारी ही म्हातारी इकडे आहे. दोन्ही माणसे मला एकाच गोत्राची वाटतात. वाचणारा मागाहून येतो, आणि तो यांच्याच जिवावर विजयी होतो. हे देणे त्याने मानले नाही, तर त्याचे वाचन अर्धेच राहिले असे मी म्हणेन.

दिवाळीच्या सुट्टीसाठी मुलांना मी शुद्धलेखनाच्या वह्या देत असे. यंदा दुसरा अभ्यास दिला आहे. आपल्या गावच्या वेशीवरचा, देवळातला, पाणवठ्यावरचा एक जुना दगड निवडायचा. खरवडायचा नाही, चुना लावायचा नाही. त्यावर काय कोरले आहे ते नुसते पाहून वहीत उतरवायचे. आणि खाली आणखी एक ओळ लिहायची, की या दगडापाशी दिवा कोण लावते, तिचे नाव काय.

तो सहावीतला पोरगा ही दुसरी ओळ ऐकून पुन्हा उभा राहिला. “गुरुजी, आमच्यात तर माझी आजीच लावतीया. तिचं नाव मला ठाव न्हाई. आजीच म्हणतो आमी.”

“मग आधी तिला विचार,” मी म्हणालो, “आणि वहीत सगळ्यांत वर लिही.”