आजचं चिंतन : दिवा विझवायचा की बिघाड शोधायचा?

भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ६२-६३



आजचे दोन श्लोक म्हणजे एक साखळी आहे. मन एखाद्या विषयात घोळत राहिलं की त्याची ओढ लागते. ओढीतून इच्छा, इच्छा अडली की क्रोध. क्रोधातून मोह, मग स्मृती जाते, बुद्धी जाते आणि शेवटी माणूस स्वतःलाच गमावतो. यात क्रोध चौथा आहे. आपल्याला मात्र सगळ्यात आधी तोच दिसतो.

मग राग आला की तो दाबून टाकायचा, हे पुरेसं आहे का?

गाडीचं उदाहरण घेऊ. सिग्नलला उभी असताना ती थरथरते, पिकअप घेताना धक्के देते आणि डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागतो. स्कॅनर लावून कोड पुसला की दिवा जातो. पण बिघाड तसाच असेल तर थोड्या दिवसांत तो परत लागतो. दिवा खोटं बोलत नव्हता. आपण साक्षीदारालाच गप्प केलं. राग गिळून चेहऱ्यावर हसू आणणं अनेकदा असंच असतं. शांत दिसणं आणि शांत होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दिवा स्थिर असेल तर गाडी सहसा जपून गॅरेजपर्यंत नेता येते. पण तो लुकलुकत असेल तर इंजिन जोरात मिसफायर करतंय. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या बाजूला जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवतं, खराब करतं. अशा वेळी आधी वेग कमी करायचा, सुरक्षित जागी थांबायचं, कारण नंतर शोधायचं. रागाचंही तेच. डोकं फिरलेलं असताना रात्री १ वाजता मेसेज पाठवायचा नाही. आधी थांबा.

आता मुख्य गोष्ट. समजा, स्कॅनरने पी०३०१ कोड दाखवला. म्हणजे १ नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर. कोड जागा सांगतो, कारण सांगत नाही. कॉइल, प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन, काहीही असू शकतं. अनुभवी मेकॅनिक लगेच नवीन पार्ट टाकत नाही. तो १ नंबरची कॉइल ३ नंबरला लावून बघतो. आता कोड पी०३०३ आला, तर दोष कॉइलसोबत गेला, कॉइलच खराब. कोड १ लाच राहिला, तर कॉइलला दोष देऊ नका, तिथंच पुढे शोधा.

ही परीक्षा स्वतःवर करून बघा. ऑफिसमध्ये चिडचिड होते, म्हणून नोकरी बदलली. तिथंही तीच चिडचिड? घरीही तीच, मित्रांमध्येही तीच? मग ती आपल्यासोबत फिरतेय. साखळीच्या पहिल्या कडीकडे जा : मन दिवसभर कशात घोळतंय? कुणाच्या पगारात, कुणाच्या स्टेटसमध्ये, की कुणी केलेल्या अपमानात?

पण राग एकाच जागी येत असेल, तर प्रामाणिकपणे तेही मान्य करा. कदाचित तिथं खरंच अन्याय होतोय. 'माझंच मन अशुद्ध' म्हणून तो सोसत राहणं ही भक्ती नाही. तिथं शांतपणे बोलणं, गरज पडली तर उभं राहणं, हे कर्तव्य आहे. अर्जुनालाही भगवंतांनी रण सोडायला सांगितलं नाही.

म्हणून राग हा निवाडा नाही, नुसती खूण आहे. तिला घाबरायचं नाही आणि तिच्यावर लगेच विश्वासही ठेवायचा नाही. तपासायचं. पुढच्याच ६४व्या श्लोकात भगवंत रागद्वेषातून सुटलेल्या मनाला मिळणाऱ्या प्रसन्नतेबद्दल सांगतात. ती दाबून येत नाही, मूळ सापडल्यावर येते.

आजचा अभ्यास : आज चिडलात तर रात्री नामस्मरणाआधी दोनच प्रश्न लिहा. याच्या आधी मन कशात घोळत होतं? आणि हीच चिडचिड मला आणखी कुठे भेटते?

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥